कोणाच्याच हाती न बसणारी मूठ

आधीच सांगून टाकते. भूतखेत, भानामती, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमचं घर बौद्ध. माझे वडील रामाकोन्याचे, शेतमजुरी करायचे, पण दाराला त्यांनी कधी लिंबू-मिरची बांधू दिली नाही. पुढे मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले आणि पोरांना तेच शिकवत राहिले. त्यामुळे वरचं शीर्षक वाचून कोणाला ‘मूठ मारणं’ आठवलं असेल तर माफ करा... ही मूठ साधी आहे. लाकडाची. खुकरीची.

गोष्ट ऐंशी सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली. लग्न होऊन मी मध्यप्रदेशातल्या पांढुर्ण्याला आले. माझे मिस्टर सुधाकर तिथल्या एका जिनिंग फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन. माणूस इतका शांत, की भाजीवाल्याशीही घासाघीस करायचा नाही. आणि छंद काय, तर नेपाळी खुकऱ्या जमवायच्या. मला सोडायला सौंसरची मावशी आली होती. समोरच्या भिंतीवर ओळीने टांगलेली ती वाकडी हत्यारं पाहून तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, “पोरी, मानसं बरे आहेत ना हे?”

हे कामठीच्या बाजारातून, नागपूरच्या भंगारवाल्यांकडून, कुठल्या कुठल्या रिटायर्ड शिपायांकडून जुन्या खुकऱ्या आणायचे. एखादीची मूठ फुटलेली, एखादीचं म्यान उंदरांनी खाल्लेलं. पातं नेपाळचं, बाकी सगळं ह्यांचं. ड्युटीवरून आले की अंगणात कानस घेऊन बसायचे. म्हशीचं शिंग, शिसम, कधी संत्र्याच्या म्हाताऱ्या झाडाचं पिवळट लाकूड. त्याला भोक पाडायचं, पात्याची मागची शेपटी तापवून आत बसवायची, वितळवलेली लाख ओतायची, टोकाला पितळेची टोपी. आणि प्रत्येक मूठ मापाची. जिच्या-ज्याच्यासाठी करायची, त्याला ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबायला लावायचे. गोळा वाळला की बोटांच्या खुणांवरून मूठ घडवायची. शेजारणी विचारायच्या, “बाई, हे मातीचे लाडू कायचे होय?” मी सुरुवातीला वैतागले, मग त्यातलीच एक खुकरी कोहळं फोडायला घेतली. खरं सांगते, विळ्यापेक्षा बरी.

फॅक्टरीचे चौकीदार मानबहादूर काका ह्यांचे दोस्त. वय पन्नाशीचं. मिसरूड फुटत होतं तेव्हा नेपाळातलं गाव सोडलेलं, नंतर सगळं आयुष्य इकडेच. नागपुरी मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलायचे. रात्रभर पहारा, दिवसभर झोप. लग्न नाही. घरच्यांचं विचारलं की म्हणायचे, “माय होती. एक बहीन होती, पाळण्यातली. मंग पहाड खचला म्हन्ते गावावर. कोनी रायलं नाही.” आणि लगेच दुसरा विषय.

एकदा पावसाळा सरता सरता काका धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक पातं घेऊन आले. घर सोडताना आईची खुकरी उचलून आणलेली. लढाईबिढाईची नाही, घरातली, गवत कापायची. मूठ कधीच कुजून गेली होती.

“सुधाकर, याले मूठ लावून दे,” ते म्हणाले. “म्हातारा होऊन राहिलो. मायची वस्तू हातात धरता तरी येईन.”

ह्यांना काय, आनंदच. गोळा दाबून घेतला. काकांचा हात म्हणजे फावडं. हे शिंग घेऊन बसले, चार-पाच संध्याकाळी तब्येतीने काम केलं, आणि मूठ तयार झाली ती इतकी लहान की काकांची बोटं एकमेकांवर चढली. वर आणखी एक गंमत. टोकाकडे, करंगळी येते त्या जागी, सुपारी बसेल एवढा गुळगुळीत खळगा.

“का वो, हा खड्डा कसा पडला?” ह्यांनी मलाच विचारलं.

“तुम्हीच पाडला न जी.”

“मले आठवूनच नाही राहिलं.”

आपलाच हात चुकला म्हणून हे दुसरी मूठ करायला बसले, शिसमाची. या वेळी मी ठरवलं, आपण स्वतः बघायचं. काकांच्या गोळ्यावरून माप मी घेतलं. लाकडावर पेन्सिलीने रेघ मी ओढली. शेजारी वह्या तपासत बसले आणि सांगून ठेवलं, कानस रेघेच्या आत गेली की टोकेन. एकदाही टोकावं लागलं नाही. शेवटपर्यंत ती रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती... मग पॉलिश पेपर, मग तेल. काका आले, मूठ हातात घेतली, आणि बोटं पुन्हा एकमेकांवर चढली. तेवढीच लहान. त्याच जागी तोच खळगा.

लाकूड आकसतं, हे मलाही माहीत आहे. पण शिंग आणि शिसम अगदी सारखंच कसं आकसेल? आणि आकसलं तरी खळगा कुठून येणार?

फॅक्टरीत सगळ्यांनी ती धरून पाहिली. कोणाच्याच हाती बसेना. माझा हात लहान, मला लांबी बरोबर यायची, पण करंगळीखाली नुसती पोकळी. मी काकांना विचारलं, “तुमच्या आईचा हात असा होता का?”

“लहान होता. पन मायचे हात चांगले होते, बाई. हे काहून असं झालं, मले नाही मालूम.” मग हसून म्हणाले, “राहू दे बापा. लाख भरून भिंतीवर टांगून दे. दिसाले तर सुंदर हाय.”

खरंच सुंदर होती.

दिवाळी आठवड्यावर आली होती. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या आणि स्टेशन रोडला नेपाळी स्वेटरवाल्या बायका येऊन बसल्या होत्या. दुपारी मी ह्यांच्यासाठी स्वेटर बघायला गेले. पस्तिशीची एक बाई होती, गोल चेहऱ्याची, हसरी. ती स्वेटर माझ्यापुढे पसरून माप दाखवत होती आणि माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. करंगळी आत वळून तळहाताला चिकटलेली. लहानपणी भाजल्यावर कातडी ओढली जाते, तशी.

मला स्वेटर दिसेनासा झाला. तिची मिटलेली मूठ दिसायला लागली. आत दुमडलेलं ते पेर, आणि त्याच्या बरोबर खाली... तो खळगा.

“लेना है तो अभी ले लो दीदी,” ती म्हणाली. “शाम की गाडी से हम बैतूल जा रहे हैं.”

“जाऊ नका. म्हणजे, रुको. मैं आती हूँ,” असं काहीतरी बोलून मी घराकडे निघाले. पळतच. भिंतीवरची खुकरी काढली, भाजीच्या पिशवीत घातली आणि परत आले. भर बाजारात शाळेची बाई पिशवीतून खुकरी काढते आहे म्हटल्यावर पानठेल्यावरचे लोक उठून उभे राहिले. मी मूठ तिच्यापुढे केली. “ज़रा पकड़ के देखो.”

तिने धरली. डबीवर झाकण बसावं तशी ती मूठ तिच्या हातात बसली. वाकडं पेर खळग्यात गेलं, बाकीची बोटं आपोआप वळली. तिने हात वर-खाली करून पाहिला आणि लहान मुलीसारखी हसत सुटली. कात्री धर, कोयता धर, जन्मभर तिची करंगळी दुखत आली होती. दुखलं नाही असं पहिल्यांदाच झालं होतं. शेजारच्या बायकांना बोलावून बोलावून दाखवायला लागली.

“ये किसके लिए बनाया?” तिने विचारलं.

मी चौकीदार काकांचं सांगितलं. कोणत्या गावचे, तिने सहज विचारलं. काकांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलेलं ते नाव मी सांगितलं, आणि तिचं हसणं थांबलं.

तिचं नाव सानुमाया. पहाड खचला त्याआधीच तिची आई तिला घेऊन माहेरी गेली होती. दोघी वाचल्या होत्या. आई मरेपर्यंत सांगत राहिली, तुझा मोठा भाऊ हिंदुस्तानात कुठेतरी चौकीदार आहे. सानुमाया ज्या गावी दुकान लावायची तिथल्या चौकीदारांना विचारायची. इथे विचारायचं राहिलं होतं, कारण चौकीदार सगळे दिवसा झोपलेले.

मी फॅक्टरीत जाऊन काकांचं दार वाजवलं. ते डोळे चोळत बाहेर आले. “कोन मेलं?”

“कोणी नाही मेलं काका. चला फक्त.”

ते आले तसे लुंगीवरच. वाटेत हेही येऊन मिळाले. सानुमाया उभी राहिली. नेपाळीत काहीतरी विचारलं. काकांनी एका शब्दात उत्तर दिलं. तिने आणखी विचारलं, त्यांनी आणखी सांगितलं. मला एक अक्षर कळत नव्हतं. मग काका मटकन स्वेटरांच्या ढिगाऱ्यावर बसले आणि बाकीच्या बायकांनीही त्यांना उठवलं नाही. त्यांनी तिचा उजवा हात आपल्या फावड्यासारख्या हातांत घेतला, उघडला, ती करंगळी कितीतरी वेळ पाहिली.

“हे कवा झालं वो?” त्यांनी तिला विचारलं. मराठीत. त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी हिंदीत सांगितलं.

“इनके जाने के बाद,” ती म्हणाली. “चलना सीख रही थी. चूल्हे में गिर गई.”

म्हणजे बघा. तो हात काकांनी कधी पाहिला नव्हता. ह्यांनी तर नाहीच. त्या बायका पांढुर्ण्यात पहिल्यांदाच आल्या होत्या.

संध्याकाळच्या गाडीने बाकीच्या बायका गेल्या. सानुमाया भाऊबीजेपर्यंत आमच्याकडे राहिली. आपल्या भाऊबीजेच्या दिवशीच त्यांचा भाईटीका असतो. आमच्या घरी तसं काही करत नाहीत, पण अंगण दिलं, आणि जिनिंगमधले सगळे जमले. तिने काकांभोवती तेलाची धार फिरवली, गळ्यात झेंडूची माळ घातली, कपाळावर सात रंगांचा उभा टिळा लावला. काका इतके ताठ बसले होते की हे म्हणाले, “काका, श्वास घ्या.” तिने तांदळाच्या पिठाच्या मोठाल्या गोल पोळ्या तळल्या, मी कोथिंबिरीची सांबारवडी केली. पोटं फुटेपर्यंत खाल्लं. काका नाचले. मी पुन्हा कोणाला असं नाचताना पाहिलं नाही.

खुकरी अर्थातच ती घेऊन गेली. काका वर्षभराने तिच्याकडे नेपाळात गेले, ते तिथलेच झाले.

आमच्या हेडमास्तरांचं म्हणणं, सुधाकरने तिला कुठेतरी आधी पाहिलं असणार. काका जाण्यापूर्वी जामसांवळीच्या हनुमानाला नारळ फोडून आले, त्यांच्या मनात शंकाच नव्हती. मी ह्यांनाच विचारलं, कानस चालवताना तुम्हाला काय वाटत होतं? हे विचार करून म्हणाले, “काही नाही वो. हात मस्त चालून राहिला होता. तशी मजा कधी आली नाही.”

मी मास्तरीण. मला एवढ्याने समाधान नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी ह्यांना परत बसवलं. तेच शिसम, तीच कानस, काकांचा तोच वाळलेला गोळा, मी पेन्सिल घेऊन शेजारी. दोन-तीन मुठी करून घेतल्या.

सगळ्या काकांच्या मापाच्या निघाल्या. कुठे खळगा नाही, काही नाही. हे जरा हिरमुसले. मीही.