पासावर नसलेलं नाव

साठ वर्षं मी ही गोष्ट टाळली. लग्नकार्यात विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता उठणार नाही. आमच्या घराण्याचा कुळवृत्तान्त छापायला चालला आहे आणि त्याची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली. त्यात माझ्या आत्याबद्दल एक वाक्य होतं : ‘कुलदेवतेच्या दर्शनाची संधी आली असता त्यांनी ती स्वखुशीने नाकारली व घर सांभाळले.’ मी ते तांबड्या शाईनं खोडलं. लगेच पुतण्याचा फोन आला, की काका, चांगलंच लिहिलंय, आता कशाला उकरून काढता. चांगलं लिहिलंय हे मान्य. पण खोटं लिहिलंय, आणि ते खोटं आहे हे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे. कुणाला आवडो न आवडो, मी सांगणार.

आम्ही तंजावरकडचे मराठी. अप्पा मद्रासला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि आम्ही वेस्ट मांबलमला राहायचो. अप्पा, आई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी अक्का, मी आणि आत्या. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली. केशवपन केलेलं, अंगावर आलवण. तिचं सोवळं इतकं कडक की नळाचं पाणीसुद्धा तिला चालायचं नाही. आमचं दैवत तुळजापूरची भवानी. देवघरात तिचा चांदीचा टाक होता, रोज पूजा व्हायची, पण देऊळ घरातल्या कुणीही पाहिलेलं नव्हतं. पूर्वज दक्षिणेत उतरले ते उतरलेच. आत्याला आयुष्यात एकदा तिथं जायचं होतं. दुसरं काही तिनं कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

माझी शाळेची शेवटची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात अप्पांनी जायचं ठरवलं. जमिनीवर रेल्वेचं वेळापत्रक उघडून आम्ही सगळे भोवती बसलो. मद्रासहून सोलापूरला थेट गाडी, तिथून बसनं तुळजापूर. अक्काचं बोट मात्र सोलापूरला थांबेना. तीच गाडी पुढं मुंबईला जात होती.

“समुद्राकाठची माणसं समुद्र बघायला दुसरीकडं जातात होय?” अप्पा म्हणाले.

“अप्पा, हा समुद्र तुमच्या कचेरीच्या मागं आहे,” अक्का म्हणाली. “इथं फिरायला गेलं तरी तुमचे साहेब भेटतात.”

आई हसली, अप्पाही हसले. पण मग त्यांनी हिशोबीपणानं सांगितलं, की आत्या बरोबर आहे तर मुंबई नाही. लॉजमध्ये ती चूल कुठं मांडणार आणि विहिरीचं पाणी कुठून आणायचं? रेल्वेच्या नोकरांना मिळतो तो फुकट प्रवासाचा पास मुंबईपर्यंतचा मागू, लिहायला काय जातं. उतरायचं मात्र सोलापूरला, आणि तिथूनच परत. त्यात काही चुकीचं नव्हतं.

मी पुढं जे केलं त्याची कारणं दोन. मलाही मुंबई हवी होती हे एक. दुसरं कारण त्याहून हलकं आहे, तेही लिहितो. पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका घरातला मुलगा माझ्या वर्गात होता. आमच्याकडं आला तेव्हा आत्याचं जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं मराठी ऐकून तो तोंड फिरवून हसला होता. तिकडं महाराष्ट्रात तर सगळेच तसे हसणारे असणार, आणि आत्या सगळ्यांशी बोलणार. मला ते नको होतं.

पासाचा अर्ज नेहमी मी भरायचो, कारण माझं इंग्रजी अक्षर चांगलं. नाव, वय, नातं. अप्पांचं लिहिलं, आईचं लिहिलं, अक्काचं, माझं. पाचवी ओळ कोरी ठेवली. तेवढ्यात आत्या ओल्या हातांनी येऊन शेजारी उभी राहिली.

“माझं नांव लिहिलास कीं?”

“लिहिलं, आत्या.”

“कुठें आहे?”

मी आईच्या नावावर बोट ठेवलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिनं हात पदराला पुसले, त्या अक्षरांना बोट लावलं आणि ते बोट डोळ्यांना लावलं. संध्याकाळी अप्पांनी न वाचता सही केली. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

निघायच्या दोन दिवस आधी पास हातात आला. त्यावर चारच नावं. अप्पा चिडले, पास लिहिणाऱ्या माणसानं नाव गाळलं म्हणाले. दुसरा पास करायला वेळ नव्हता. त्यांनी आत्याला सांगितलं, की काळजी करू नकोस, तुझं तिकीट मी काढतो. म्हणजे मी केलेलं अजून निस्तरता येत होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

पण आमच्याकडं एक समज होता. कुलदेवतेला आपण जात नसतो, ती बोलावते. आत्यानं पास हातात घेतला, उलटून पाहिला आणि अप्पांना परत दिला.

“तूं लिहून पाठवलांस, तरी तिनं माझं नांव काढलं. मला बोलावणं नाहीं. तिकीट काढून कसं जायचं तिच्याकडं?”

मी दारात उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं.

तिनं आमच्यासाठी चिंचेचा भात केला, केळीच्या पानात बांधून दिला. मांबलम स्टेशनपर्यंत पोचवायलाही आली. आम्ही तुळजापूरला गेलो, मग मुंबईला गेलो. मुंबई मला फार आवडली. सोळा वर्षांच्या मुलाला मुंबई बघावीशी वाटली याची मला आजही लाज नाही, कुणी ती वाटून घ्यायला सांगितलं तर मी ऐकणार नाही. लाज आहे ती दारात गप्प उभा राहिल्याची.

आत्या पुढं अकरा वर्षं जगली. अप्पांनी दोनदा पुन्हा जायचं काढलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, बोलावणं आलं की जाईन. तिचं कुठं चुकलं, हे ती शोधत राहिली. उपास वाढवले. शुक्रवारी पाणीसुद्धा बंद केलं. आणि वृत्तान्तात याला स्वखुशी म्हणतात.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी नोकरीच्या गावाहून रजा काढून आलो, ते सांगायलाच. तिच्या उशाशी बसलो. तिनं विचारलं, “काय सांगायचं आहे रे?” मी म्हणालो, “रजा वाढवून मिळाली, आत्या.” तिला आनंद झाला.

सांगायचं होतं ते असं : आत्या, देवीनं तुझं नाव काढलं नव्हतं. तुझ्यात काही उणं नव्हतं. मीच ते लिहिलं नव्हतं. मला क्षमा कर.