पत्र्याच्या पैलवानाचे कान

पैलवानाच्या छातीचं माप घ्यायला दुसरं कोणी सापडेना, म्हणून मी पत्रा स्वतःच्याच अंगाभोवती गुंडाळला. रोजच्या सवयीनं दोन्ही कडा एकमेकींत अडकवल्या आणि तेवढा वेळ आत ओढून धरलेलं पोट सोडून दिलं. मग पत्रा काही केल्या निघेना. बायको चहा घेऊन आली, तिनं कप खाली ठेवला आणि कात्री उचलली.

"श्वास घेऊ नकासा," ती म्हणाली. "पैलवानाच्या आधी तुमीच पत्र्यात भरलासा की!"

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. कसबा बावड्यात माझं पत्र्याचं दुकान होतं. धान्याच्या कणग्या, पाण्याच्या टाक्या, लग्नातल्या ट्रंका. माणूस कधी केला नव्हता. पण माझे सासरे हातकणंगल्याकडच्या एका गावात तालमीचे वस्ताद. तालमीला नवं दार झालं, दारापाशी माणसाएवढा पैलवान उभा करायचं ठरलं, आणि बायकोनं माहेरी परस्पर सांगून टाकलं, "आमच्या ह्यास्नी येतंय की ते."

येत नव्हतं. पण नाही तरी कसं म्हणणार? लग्न झाल्यापासून मामा, म्हणजे सासरे, माझ्याशी दोनच वाक्यं बोलत आलेले. "या पावणं" आणि "जेवलासा?" लंगोट कधी न बांधलेल्या जावयाशी तिसरं काय बोलायचं, ही त्यांची अडचण मला समजत होती. तरी ते तिसरं वाक्य मला हवं होतं.

पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकत राहिलं की हळूहळू त्याला फुगवटा येतो. पहिली छाती हंड्यासारखी झाली. दुसरी बरी. मांड्या झकास जमल्या, कारण मांडी म्हणजे शेवटी निमुळती कणगीच. शेजारचा चहावाला रोज ओरडून विचारायचा, "आज कुठवर आला पैलवान?" मी आतून ओरडायचो, "गुडघ्यापत्तूर!" एवढा आनंद मला टाकी करताना कधी झाला नव्हता. सगळ्यात मन लावून केले ते कान. आरसा टांगला, स्वतःचे कान बघत बघत एकेक वळी काढली. शंखासारखे देखणे झाले.

टेम्पोत त्याला उभा बांधला आणि मी त्याच्या कमरेला मिठी मारून बसलो. वाटेत सायकलवरच्या एका म्हाताऱ्यानं रामराम घातला. त्याला. मला नाही.

तालमीसमोर उतरवला तसे सगळे पैलवान अंगाच्या तांबड्या मातीसकट बाहेर आले. मामांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मांडीवर थाप मारली, ती घणघणली. मान डोलावली. मग कानापाशी थांबले.

"ह्ये कान कुणाचं?"

"माझंच की, मामा."

तालीम हसून लोटपोट. "वस्ताद, ह्यो पत्र्याचा पैलवान आखाड्यात उतरलाच न्हाय! बँकेत हाय ह्यो!"

माझ्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. समोर उभ्या असलेल्या एकाचाही कान सरळ नव्हता. मातीत घासून, दुसऱ्याच्या डोक्यानं रगडून सगळ्यांचे कान मोडलेले, सुजून गोळा झालेले. इतकी वर्षं या घरात जेवलो, पण सासऱ्यांच्या कानाकडे मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं!

"हातोडी आणा," मी म्हणालो.

मामा चौथऱ्यावर बसले आणि मान तिरकी करून कान माझ्यापुढं केला. "बगा. नुसतं बगून काय हुतंय, हात लावून बगा."

भर तालमीत, सगळ्या पैलवानांदेखत, मी सासऱ्यांचा कान धरला. भाजलेल्या वांग्यासारखा मऊ असेल असं वाटलेलं, निघाला दगड. एक हात त्यांच्या कानावर, एक हातोडीवर, असे माझे शंख मी मोडत गेलो. पैलवान भोवतीनं ओरडत होते, "आनी एक! डावा ऱ्हायला, डावा!"

दोन्ही कान मोडले तशी मामांनी मूठभर तांबडी माती पुतळ्याच्या खांद्यावर टाकली. उरलेली माझ्या खांद्यावर.

"जमलंय की तुमास्नी," ते म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, मातीचा शर्ट न बदलता, दोनदा सांगितलं. ती ऐकत ऐकत भाकरी थापत होती.

"आबांचा कान धरलासा?" ती म्हणाली. "आमच्या आईला जल्मात जमलं न्हाय ते. बसा जेवायला."