नंबर नसलेल्या निगेटिव्ह

माझे वडील अनसिंगला फोटोवाले होते. दहा बाय बाराच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. लग्नं, शाळेचे ग्रुप आणि ओळखपत्रांचे फोटो यांवर आमचं घर चाललं. रविवारी मात्र ते दुकान बंद ठेवून सायकलवर निघायचे आणि जिथे विहीर खोदणं किंवा खडी फोडणं चालू असेल तिथे जायचे. लोक काम सोडून कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहिले की त्यांना राग येई. "मायाकडं पाहू नका, आपलं काम करा," एवढंच सांगत.

आई म्हणायची, "घरच्या पोराचा फोटो काढाले फिल्म नसते, अन् खडी फोडनाऱ्यायसाठी असते."

स्टुडिओतली प्रत्येक निगेटिव्ह पाकिटात, पाकिटावर नंबर, आणि तोच नंबर रजिस्टरमध्ये. दहा वर्षांनी कोणी प्रत मागायला आला तरी दोन मिनिटांत सापडायची. रविवारच्या फिल्मना नंबर नव्हते. त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जायच्या. एकदा मी कारण विचारलं. ते म्हणाले, "नंबर मागाले येनाऱ्यासाठी असते. हे कोन मागाले येते?"

वाक्य साधं होतं, पण मी ते नियमासारखं धरलं.

नऊ वर्षांपूर्वी ते गेले. मी वाशिमला राहतो, खोली रिकामी करून द्यायची होती. एकेक पाकीट रजिस्टरशी ताडून पाहिलं. तीन हजार दोनशे अडुसष्ट मिळाली, एकेचाळीस मिळाली नाहीत. ती सगळी आज माझ्या लोखंडी कपाटात आहेत. उरले अकरा डबे. तेही मी न पाहता दिले नाहीत, प्रत्येक पट्टी खिडकीशी धरून पाहिली. माणसं, खड्डे, दगड. गाव लिहिलेलं नाही, साल नाही. जुने एक्स-रे विकत घेणारा एक जण फिरायचा. फिल्म धुऊन त्यातली चांदी काढतात. अकराही डबे मी त्याला दिले.

या हिवाळ्यात रिठदहून साठीला टेकलेल्या एक बाई पत्ता विचारत घरी आल्या.

"भाऊ, अनसिंगच्या फोटोवाल्यायचं घर हेच काय?"

चहा घेता घेता त्यांनी सांगितलं. त्या सहा वर्षांच्या असताना त्यांचे वडील विहीर खोदताना सुरुंगाच्या स्फोटात गेले. त्याच्या थोडे दिवस आधी माझ्या वडिलांनी त्या विहिरीवर फोटो काढला होता. "बाबा गेल्यावर फोटो छापून आनू का म्हून तुमचे वडील इचाराले आलते. मायनं त्यायले दारातूनच परत लावलं. आता तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिसाले लागलं तवापासून तेच म्हनते, एकडाव पाह्यचा हाय. दुसरा फोटोच नाई ना त्याचा."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी "पाह्यतो, ताई" म्हणालो. चार दिवस मी ती सगळी पाकिटं उघडत बसलो. त्यात तो फोटो असणं शक्य नाही हे मला पहिल्या पाकिटापासून माहीत होतं.

पाचव्या दिवशी बसने रिठदला गेलो. आजी काळा चष्मा लावून उन्हात बाजेवर बसल्या होत्या. आत भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी नवा खिळा ठोकून ठेवलेला दारातूनच दिसला.

"आनला काय, बापू?"

मी उभ्यानेच सांगितलं. "आजी, ते फिल्म मीनंच भंगारात देल्ली. वडलायनं जपून ठेवली होती."

आजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "द्याच्या आंधी पाह्यली होती काय?"

"पाह्यली होती. विहिरीचे लय फोटो होते. एकात सात मानसं होती." मोजायची सवय आहे, म्हणून तेवढं लक्षात होतं.

"सात?" त्या सरळ बसल्या. "मंग तोच. त्या विहिरीवर सातच जन होते, हिचा बाप गेल्यावर सहा उरले. त्यायच्यात एक उंच, डोक्शाले रुमाल बांधेल. हासून राह्यला होता काय तो?"

निगेटिव्हवर चेहरे काळे आणि केस पांढरे दिसतात. एकही चेहरा मी चेहरा म्हणून पाहिला नव्हता.

"आजी, थे नाई सांगता येत मले."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या आणि मुलीला चहा टाकायला सांगितलं.

बाई मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. थांब्यावर येऊन एकदम माझ्याकडे वळल्या.

"हासून राह्यला होता म्हनाले तुमचं काय जात होतं, भाऊ?"

"मले ठाऊक नव्हतं, ताई."

"तिले कुठं ठाऊक पडनार होतं!"

बसला अजून चाळीस मिनिटं होती. त्या घरी परत गेल्या नाहीत. बस येईपर्यंत माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, तोंड रस्त्याकडे करून.