लाल दोऱ्याच्या कोंबड्यांची अंडी

ऐंशीच्या दशकात वटार गावात आमच्या घरामागे डुकरं होती. डुकरीण व्यायली की आठवड्याभरात पिल्लांना हगवण लागायची. अँटिबायोटिकचा सुरुवातीला गुण आला, पुढे तोही येईना.

माझी धाकटी नणंद मुंबईला जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने हगवणीचा नमुना नेला, तिथल्या साहेबांना विचारून त्यातले जंतू मारून त्यांची लस केली आणि टोचली आमच्या कोंबड्यांना!

"आजारी डुकरं, आणि सुई कोंबड्यांना?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, या जंतूंशी लढायची ताकद कोंबडीत तयार होईल आणि ती बलकात उतरेल. तो बलक पोटात गेला की जंतू पिल्लांच्या आतड्याला चिकटणार नाहीत. असं वाचलंय. खरं की खोटं, बघू."

टोचलेल्या कोंबड्यांच्या पायात तिने लाल दोरा बांधला. काही आठवड्यांनी डुकरिणीला आठ पिल्लं झाली. चौघांना लाल दोऱ्याच्या कोंबड्यांचा बलक दुधातून द्यायचा, चौघांना साधा. शाळेत शिकवायला जाण्याआधी पाजायचं आणि वहीत नोंद ठेवायचं काम माझं.

चौथ्या दिवशी साध्या बलकाची दोन पिल्लं ढेपाळली. मला बघवेना. मी गुपचूप त्यांना लाल दोऱ्याचा बलक पाजत राहिले. दोन्ही जगली.

रविवारी चर्चमधून मिस्साची प्रार्थना करून आल्यावर नणंदेने वही उघडली. तिचा चेहरा पडला. "वहिनी, साध्या बलकानेही बरी झाली. माझा तर्कच चुकला."

मग मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. तिने वहीतली नोंद दुरुस्त केली.

"सांगितलंत ते बरं केलंत. मी हे सोडूनच देणार होते."

पुढच्या वेताला तिने रजा काढली आणि पिल्लांना स्वतः पाजलं. साध्या बलकाच्या सगळ्या पिल्लांना हगवण लागली, एक दगावलं. लाल दोऱ्याच्या बलकावरच्या एकालाच लागली, तीही दोन दिवसांत थांबली. साहेबांना तिने दोन्ही वेतांची हकिकत दिली.

"माझी चूक कशाला सांगितलीस?" मी विचारलं.

"ती लपवली तर बाकीचं कोण खरं मानेल?"

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. त्या दिवशी तिच्यापुढे मला फार लहान वाटलं, आणि तिचा अभिमानही.

पुढे शेजारपाजारचे बलक मागायला येऊ लागले. ती द्यायची, पण आधी प्रत्येकाला बजावायची, "हे अजून औषध नाही हं. आपण बघतोय."