यादोरावांची नागीण

लाखांदूरकडच्या गावांत नागीण बांधून घ्यायची तर यादोरावांकडे जा, असं एसटीचा कंडक्टरसुद्धा सांगायचा. नागीण म्हणजे अंगावर पट्ट्यासारखे उठणारे, आग आग करणारे फोड. यादोराव गेरू उगाळत, फोडांच्या दोन्ही टोकांना लाल रेघ ओढत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत आणि शेवटी वडिलांपासून चालत आलेला नेम घालून देत: खपल्या पडेपर्यंत पाणी ओलांडायचं नाही, नाहीतर बांधलेली गाठ सुटते. परगावच्या माणसाला घरी परतण्यापुरती सूट होती. नेम आपलाच, म्हटल्यावर सूटही आपलीच.

बहुतेकांची नागीण आपोआपच बरी होई आणि नाव यादोरावांचं होई. पैसा त्यांनी कधी घेतला नाही. पण लग्नाच्या पंगतीत लोक उठून जागा देत, ते मात्र त्यांना फार आवडे. धान पिकवणारे शेकड्यांनी होते. यादोराव एकच होते.

गेल्या वर्षी धानाची कापणी आटोपली आणि त्यांच्याच कपाळावर, उजव्या बाजूला, पार पापणीपर्यंत फोड उठले. बांधणाऱ्याला आता कोण बांधणार, म्हणून अख्खं गाव बघायला आलं. यादोरावांनी आरसा मागवला, स्वतःच्या हाताने रेघ ओढली आणि मधल्या खोलीत जाऊन बसले. गावाच्या एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला नाला. पाणी ओलांडायचं नाही म्हणजे गावातच डांबून घ्यायचं.

फोड सुकत आले, पण डोळा लाल झाला आणि आत खोलवर ठणकू लागला. मग डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले. यादोराव हाताने ते हाकलत बसत.

“अजी, डास कुठी आहेत?” शकुनबाईंनी, त्यांच्या बायकोने, विचारलं.

तेव्हा त्यांना कळलं, की ठिपके खोलीत नाहीत, डोळ्यात आहेत. त्यानंतर त्यांनी हात हलवणं बंद केलं.

सून रुचिता आरोग्य खात्याची गावची आशाताई. तिच्या नजरेतून लाल डोळा सुटणं शक्यच नव्हतं. “मामाजी, डोऱ्याजवळची नागीण खराब असते. भंडाऱ्याले जाऊ.”

“खपल्या पडू दे.”

“थोवर डोरा राहीन का?”

“मीच नाला ओलांडलो त लोक का म्हनतीन? इतक्याईले घरात बसवलो मी.”

नेमावर त्यांचा खरंच विश्वास होता का? ते त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आली तेव्हा फार उशीर झाला होता. इतरांना ज्या दोरीने बांधलं, तीच आता त्यांच्या गळ्याशी आली होती, आणि सोडायची तर आयुष्यभराची अब्रू सोडावी लागणार होती.

एका सकाळी त्यांनी सहज डावा डोळा झाकून बघितलं. चहा घेऊन आलेल्या शकुनबाई दिसेनात. दाराकडचा उजेड तेवढा मळकट दिसत होता. यादोराव घाबरले, मनातून पार हादरले. चहा मुकाट्याने प्यायले. डोळा गेल्याचं त्या घरात कोणालाच कळलं नाही.

मग डाव्या डोळ्यापुढे एक ठिपका आला. एकच. त्यांनी रुचिताला हाक मारली. “गाडी काढ.”

भरदिवसा, पानठेल्यावर सगळे बसलेले असताना, ते सुनेच्या स्कूटीवर मागे बसून नाला ओलांडून गेले. खपल्या अजून कपाळावरच होत्या.

भंडाऱ्याहून त्यांना थेट नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, “नागिणीचाच विषाणू डोळ्याच्या आतल्या पडद्यात शिरलाय. पडदा सडत चाललाय. उजवा आता हाती लागणार नाही. डाव्यासाठी झगडू या. थोडं आधी का नाही आलात?” सलाईन लागली, डोळ्यात सुया झाल्या, मग कितीतरी महिने गोळ्या. डावा डोळा वाचला.

घरी आले ते ठरवूनच, की हे बांधणंबिंधणं आता बंद, आणि जो येईल त्याला खरं सांगायचं. पण गावाने त्याआधीच निकाल लावून टाकला होता: यादोरावांनी पाणी ओलांडलं म्हणून डोळा गेला. “जायच्या आंधीच गेलता ना बाबा,” ते पानठेल्यावर सांगत. लोक आजारी माणसासमोर डोलवतात तशा माना डोलवत. आधी गेला होता याला साक्षीदार कोण? शकुनबाईसुद्धा नव्हत्या.

असंच एकदा शेजारगावचे भय्याजी सुनेला, रेणूला, घेऊन आले. तिच्या कपाळावर फोड, नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलेले, डोळा लालभडक. यादोराव उठून उभेच राहिले.

“दवाखान्यात न्या इले. आत्ताच्या आत्ता.”

भय्याजींनी त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्याकडे बघितलं. “तुमी गेलते ना. का झालं थे दिसूनच राहिलं. बांधत नसान त सांगा, दुसरीकडे जातो.” आणि ते उठलेच.

यादोरावांना संताप आला. स्वतःवरच. ते ओरडले, “बसा. शकुन, गेरू आन.”

त्यांनी रेघ ओढली, ओठ हलवले, आणि आवाज जड करून म्हणाले, “ही उलटी नागीन आहे. पानी ओलांडल्याबिगर उतरत नाई. आजच भंडाऱ्याले न्या, डोऱ्याच्या डाक्टरले दाखवा, थो देईन थे सगळं औषध घ्या. एक गोळी चुकली त माया गेरू उलटन.”

भय्याजींनी हात जोडले आणि निघाले. दारात उभी असलेली रुचिता हे सगळं ऐकत होती.

रेणूचा डोळा राखला गेला. भय्याजी नारळ घेऊन आले, सोबत आणखी दोन गावांची, नागीण बांधून घ्यायला आलेली माणसं. “तुमच्या हाताचा गुन, यादोरावजी. डाक्टरीन म्हने औषधानं. तिले का मालूम!”

यादोरावांनी तोंड उघडलं. खरं सांगितलं, तर पुढची रेणू घरातच बसणार होती. त्यांनी तोंड मिटलं, नारळ घेतला, आणि आलेल्या पहिल्या बाईला आपल्या डाव्या, दिसत्या डोळ्याच्या बाजूला, उजेडात बसायला सांगितलं.