मागचं दार

शहागंजात कुणी हिना अत्तराची बाटली उघडली की मला संक्रांतीचं ते हळदीकुंकू आठवतं. आमदारांच्या बंगल्यावर मी पहिल्यांदाच गेले होते. दिवाळी अंकात माझी एक गोष्ट आली होती: एका पुढाऱ्याची बायको भर दुपारी, चपला हातात घेऊन, स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं कायमची निघून जाते. सगळी मनानं रचलेली. वहिनींनी, म्हणजे आमदारांच्या बायकोनं, मला कुंकू लावलं, मनगटावर अत्तर चोळलं आणि हात सोडलाच नाही. "जरा आत या." स्वयंपाकघरात ओल्या सिमेंटचा वास होता. भिंतीवर दाराएवढा गिलावा अजून वाळायचा होता आणि त्याच्यासमोर, भिंतीकडं तोंड करून, वहिनींच्या चपला. "साहेबांनी तुमची गोष्ट दोनदा वाचली," त्या हळूच म्हणाल्या, "अन् परवा गवंडी बोलावला. मी तर कुणाजवळच बोलले नव्हते. तुम्हाला कसं कळलं?" बाहेर बायका उखाणे घेत हसत होत्या. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, पण 'गोड बोला' काही म्हणाल्या नाहीत. त्यानंतर मी पुष्कळ गोष्टी लिहिल्या. कुठलीही बाई घरातून कुठल्या वाटेनं गेली, ते मात्र अजून लिहिलेलं नाही.