नोटेच्या मागच्या बाजूची माणसं

फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळवण उलटत होते. पलीकडून विशाखाताईची भाची मानसी बोलत होती, "मावशी, आत्या गेली. सकाळी अंगण झाडता झाडता खाली बसली, अन् मग उठलीच नाई." तशीच खाली उतरले आणि आर्वीच्या बसस्टँडवर आले. सेलूला जायला आधी वर्ध्याची गाडी धरायची होती, आणि तासभर गाडीच नव्हती. बाकावर जागा होती, पण बसवेना. चौकशीच्या खिडकीपाशी जायचं, पुन्हा फाटकापाशी यायचं... तिला एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि आता ती सांगायला कुणी नव्हतं.

सेलूच्या शाळेत आम्ही वीस वर्षं बरोबर होतो. ती भूगोल शिकवायची, मी मराठी. ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून ताई. निवृत्तीनंतर मी मुलाकडे आर्वीला आले, ती सेलूतच राहिली. तिचा एक जुना विद्यार्थी मालवाहू जहाजावर नोकरीला होता. आम्ही दोघी नोकरीत असतानाच त्यानं एकदा तिला पोर्तुगालची, आता बंद झालेली नोट पाठवली. पुढच्या बाजूला वास्को द गामा, मागे कालिकतच्या राजाशी झालेली त्याची भेट. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळे त्या बारीक छपाईचं कौतुक करत होतो. ताईनं प्रयोगशाळेतून भिंग आणलं आणि नोट उलटी केली. "समोरचा तं पुस्तकात हायेच. हे मागं उभे हायेत ते कोन वं, उषा?"

तिथून ते वेड लागलं. नागपूरच्या एका विक्रेत्याकडून, पोस्टानं, ओळखीपाळखीतून ती दर्यावर्दी, गव्हर्नर आणि गलबतं असलेल्या वसाहतींच्या नोटा जमवत गेली. पण तिचं लक्ष भलतीकडेच. वल्ही मारणारे, पाठीवर ओझं घेऊन वाकलेले, कोपऱ्यात टोपली घेऊन उभी असलेली बाई. वर्गात नोट फिरवून ती विचारायची, "यात किती मानसं हायेत?" मुलं दोन म्हणायची. मग भिंग द्यायची. अकरा निघायची. अल्बममध्ये प्रत्येक नोटेखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी असे : "डावीकडून तिसरा. पेटी उचललेला. नाव माहीत नाही."

मागच्या वर्षी वर्ध्याला हौशी संग्राहकांचं प्रदर्शन होतं. हौसेनं आम्ही दोघी गेलो. तिचं टेबल मांडून झालं आणि संयोजक आले. सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "मॅडम, नोटा उत्तम आहेत. पण चिठ्ठीवर देश, साल आणि चित्रातल्या मुख्य व्यक्तीचं नाव लिहायचं असतं. एवढ्या चिठ्ठ्या काढल्या तर बरं." ताईनं अल्बमवर हात ठेवला. भोवती चार माणसं जमली होती, मला अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "जाऊ दे ना ताई, काढून टाक. नोटा तर दिसतीलच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू बी?" एवढंच म्हणाली आणि अल्बम मिटला.

तिला सोडायला मी सेलूपर्यंत बरोबर निघाले. गाडीत ती खिडकीबाहेर पाहत, माझ्याकडे न वळता बोलली, "माहा बाप आर्वीच्या कापसाच्या जिनात सरकीची पोती उचले. मालकाचा फोटो हापिसात होता, हार घातलेला. बापाचा एकच फोटो हाय आमच्याजवळ. कोनं तरी जिनाचा काढला, त्यात बाप पाठमोरा, पाठीवर पोतं. मायनं पाठीवरून ओळखला त्याले." वीस वर्षांत तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी मांडीवरच्या पिशवीचे बंद बांधत राहिले. सेलूला ती उतरली, मागे न बघता गेली.

चार महिने आम्ही बोललो नाही. फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. शेवटी तीच आर्वीला माझ्या दारात उभी राहिली. हातात पाकीट. "मोतीबिंदूनं दिसून नाई राह्यलं मले. तुहे डोये चांगले हायेत. जरा पाह्य." जसं काही झालंच नव्हतं. नवी आलेली नोट आम्ही खिडकीत धरून पाहिली, माणसं मोजली. चहा झाला. माफीचा शब्दन् शब्द मनात जुळवत होते, तेवढ्यात तिच्या गाडीची वेळ झाली. "येजो सेलूले," म्हणाली. तीन आठवड्यांनी तो फोन.

सेलूला तिच्या पुण्यानुमोदनाचा, बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावर मानसीनं अल्बम माझ्या हातात दिला. नागपूरच्या विक्रेत्याचा फोन येऊन गेला होता. नोटा चांगल्या आहेत, सगळ्या घेतो, फक्त त्या चिठ्ठ्या काढून पाठवा. मीच त्याला फोन लावला. म्हटलं, चिठ्ठ्या निघणार नाहीत, आणि अल्बमही विकायचा नाही. आवाज इतका चढला की मानसी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हे मी वर्ध्याच्या त्या हॉलमध्ये बोलायला हवं होतं.

मग शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडे एक वर्ग मागितला. एका बाजाराच्या दिवशी तिथं सगळ्या नोटा मांडल्या, चिठ्ठ्यांसकट. भाजी विकून परतणाऱ्या दोघीतिघी डोकावल्या. त्यातल्या एकीनं भिंग डोळ्याला लावलं आणि एका फ्रेंच नोटेवरची टोपलीवाली बाई बराच वेळ न्याहाळली. "हिच्या टोपल्याखाली कापडाची चुंबळच नाई," ती म्हणाली. "ज्यानं हे काढलं त्यानं कधी टोपलं उचललं नसन." सोबतच्या बायका हसल्या. ताई असती तर तिथल्या तिथं पेन्सिल काढली असती.

संध्याकाळी ताईच्या खोलीत जाऊन ती ओळ मी चिठ्ठीवर उतरवली. खोलीत तिचं टेबल आहे, चारही पायांखाली विटा लावून उंच केलेलं. ती उभ्यानंच काम करायची, वर्गात शिकवायची तशी. आता दर रविवारी मी सेलूला जाते. मोतीबिंदूमुळे ज्या नोटांच्या चिठ्ठ्या तिच्याकडून राहिल्या त्या एकेक त्याच टेबलावर मांडते, माणसं मोजते. चुकते, पुन्हा मोजते. पाय दुखतात. परवा मानसीनं दारातून विचारलं, "मावशी, खुर्ची आणून देऊ का?"

"नको वं," मी म्हटलं. "राहू दे."